वजनकाटा

काटोलच्या माझ्या कृषी केंद्रात
चांगुणा नेवारे बियाणं घ्यायला येत नाही.
फक्त काटा मागते.

ओच्यातून काढते सरकी,
शेणकाल्यात चोळून वाळवलेली, गावरान,
कोण्या कंपनीनं नाव न ठेवलेली.
"तुरीचं अन् बरबटीचं बी पाहून दे," म्हणते,
"धुऱ्यावर अंबाडी हाये, तिले काटा लागत नाही."

मागच्या फळीवर नागपूरहून आलेली पाकिटं :
बोंडअळीची हमी, बारीक अक्षरात अटी,
खाली मुदत.

"अन् हिची मुदत?" मी हसून विचारलं.
ती बोटानं दाणे मोजत होती,
मोजणं मोडलं म्हणून चिडली.

ती गेल्यावर पारड्यात एक सरकी उरली.
फुंकर मारणार होतो.
गल्ल्यात टाकली.

रात्री चिल्लर मोजताना
बोटाला कापूस लागला.