दोन बोटं कागद

सलोमीबाई चित्र घेऊन आल्या, जुन्या चादरीत गुंडाळून,
तापातलं लेकरू दवाखान्यात आणावं तसं.
"काच बदला, राजमल्लू. बाकी काही नको."

कसर लागलेली. मिशनचा बंगला रिकामा झाला तेव्हा
माळ्यानं भंगारातून वाचवलेलं.
तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानं खाल्लेल्या रेषा:
एक बाई, माळ, पाठीमागं झाड,
आणि केस कुठं संपले, फांद्या कुठं सुरू झाल्या
काय की.
तोंड अंधारात. एक कान तेवढा उजेडाला धरलेला.

मी चोवीस वर्षं जेकार्डची पुठ्ठी टोचली.
मोर, कमळ, ताजमहाल, सगळं भोकाभोकांत बसवलं.
ही बसली नसती.
हिच्यात उभा धागा नाही, आडवा नाही,
नुसता पीळ.

"हव्वा आहे," बाई म्हणाल्या. "बागेतून हाकलल्यावरची.
क्वार्टरमध्ये खाटेसमोर असायची. रात्रपाळीहून आले की
एकमेकींकडं न बघता झोपायचो."

खिळे काढले. मागचा पुठ्ठा शिळ्या कडक भाकरीसारखा मोडला.
पिवळा माउंट उचलला
आणि खालच्या कडेला
दोन बोटं कागद निघाला, पांढराफेक, कधी ऊन न लागलेला.
त्यात एक झुडूप. आपल्या कुंभारीच्या माळावर असतं तसलं, काटेरी.
झुडपातून बाहेर एक लहान पाय.
एकच. तळवा आपल्याकडं.
शेजारी रिकामी पखाल.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
"हागार," म्हणाल्या.
"पाणी संपलं, तर पोराला झुडपाखाली ठेवून
लांब जाऊन बसली.
मरताना बघायला नको म्हणून."
मग बराच वेळ काहीच नाही.
मागच्या बोळात माग चालू होते.
"कुणी झाकलं असेल ओ?"

मी काय सांगणार. फ्रेमवाला झाकतोच.
माप कमी पडलं असेल. नाहीतर
त्या आईचं ऐकलं असेल कुणीतरी.

"आणि विहीर?" मी विचारलं. गोष्ट अर्धीमुर्धी ऐकलेली, शाळेत.
"विहीर पुस्तकात आहे. ह्यात नाही."

माठाच्या तळाला होतं तेवढं पाणी दिलं.
नळाला अजून दोन दिवस.
बाईंनी अर्धं प्यायलं, अर्धं ठेवलं.

"नवा माउंट कुठवर कापू, बाई?"

त्यांनी उत्तर दिलं नाही.
कागदावरच्या त्या घोट्याशी दोन बोटं टेकवली, हलकेच,
आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडं
बघत राहिल्या.