आखूडचोच्या

ओद्वारच्या वहीत आठ जाती होत्या.
नववीसाठी तो नॉर्वेहून वातामूला यायचा,
सलग सहावा कास्काझी.
आमच्या किनाऱ्यावर वर्षं वाऱ्यानं मोजतात:
कास्काझी ईशान्येचा, मार्लिन घेऊन येतो;
कूसी दक्षिणेचा, होड्या रंगवायला लावतो.

निळा, काळा, पट्टेरी, शीडवाला,
रात्रीच्या पाण्यातला तलवारतोंड्या,
सगळ्यांना त्यानं कुठे ना कुठे
हात लावून सोडून दिलेलं.
उरला होता आखूड चोचीचा.
चोच म्हणजे काय, खालच्या ओठापुढे
बोटभर आलेला हट्ट.

"कुठे सापडतो?"
तांडेल शेब्वाना चहातलं आलं बोटानं काढत म्हणाला,
"शोधला तर कुठेच नाही."

एकतीस वर्षं तो त्या पाण्यावर.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, तरी
दोन मैलांवरचे पक्षी नुसते हिंडतायत की भुकेले आहेत
ते त्याला मानेवरून कळायचं.
कुणाच्या मानेवरून, मी विचारलं.
"माझ्या."

सुकाणूखाली पत्र्याचा डबा,
त्यात जातीजातीची निशाणं, त्याच्या बायकोनं शिवलेली.
सोडलेल्या माशाचं निशाण उलटं लावून परतायचं,
म्हणजे धक्क्यावरच्या माणसांना कळतं.
तळाला एक घडी, कधीच न मोडलेली.
म्वानाइशानं मरायच्या आदल्या वर्षी शिवली.
मासा तिनं पाहिलेला नव्हता,
त्यानंही एकदाच, तोही पाठमोरा,
म्हणून डोळा तिनं आपल्या शेळीचा काढला.

त्या दिवशी चार मोठे गळ मागे पळत होते,
ओद्वार खुर्चीत, पट्टा बांधून, तयार.
आणि मी कडेला उभा,
हातात पोराटोरांची काठी, तळहाताएवढं रीळ,
आमिषासाठी एखादी छोटी गेदर मिळते का बघत.

दोर गेला.
गेदर असा जात नाही.

मागे पाण्यातून एक सडसडीत चांदी सुटली,
पाठीवरचा पंख मानेपासून शेपटीपर्यंत उभा,
फणी उलटी ठेवावी तसा.
शेब्वानानं इंजिन उतरवलं
आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला नाही.

ओद्वार उठला. त्याचे हात माझ्या काठीकडे आले.
मीही ती पुढे केली. घ्या ना, म्हटलं,
पैसे तुमचे, समुद्र तुमचा आजचा.
नियम मला माहीत नव्हता, त्याला पाठ होता:
ज्याच्या हातात लागला त्यानंच ओढायचा,
दुसऱ्याचं बोट लागलं की मासा मोजत नाहीत,
कुणाचाच.
त्याचे हात हवेत थांबले,
तापल्या तव्यावर शेकल्यासारखे.
मग त्यानं ते पाठीमागे नेले, एकात एक अडकवले,
मास्तरांपुढे उभं राहावं तसे,
आणि वीस मिनिटं सोडले नाहीत.

"दोर ढिला नको," इतकंच बोलला, एकदा.

शेब्वाना सुकाणू बांधून खाली आला,
हातमोज्यात ती बोटभर चोच धरून
मासा होडीच्या चालीनं पाण्यातून ओढत राहिला,
कल्ल्यांत जीव भरेपर्यंत.
अंगावरचा तांबूस विझला, निळा पेटला.
मी ओणवा होऊन डोळा पाहिला.
शेळीचा नव्हता. पण फार लांबचाही नव्हता.
मग मोजा उघडला.

डब्यातली घडी मोडली तेव्हा
कापडावर चार रेघा राहिल्या, पिवळ्या.
शेब्वानानं निशाण उलटं चढवलं
आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून
गाठ तपासत राहिला.

खूणचिठ्ठीचं कार्ड ओद्वारनं मांडीवर घेतलं.
लांबी, अंदाजे वजन, अक्षांश,
सगळं भराभर लिहिलं.
मग पेन थांबलं.
सहा कास्काझी मी त्याला आमिष बांधून देत होतो.
"नाव?" त्यानं विचारलं.
मबारुक, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं. खोडलं.
"पुन्हा सांग," म्हणाला, "सावकाश."