दोन्ही डावे

शेफील्डच्या त्या गल्लीत दुकानाबाहेर
दोरीला बूट टांगलेले असत, सगळे डावे.
एकटा डावा कोण चोरणार, हा दुकानदाराचा हिशेब.
इनोक थ्रेलने दोन ओढले आणि पळाला.
वय साडेदहा. नोव्हेंबर. पाय उघडे.
कोपऱ्यावर सापडला तेव्हा एक घालून झाला होता,
दुसरा तो उजव्या पायात कोंबत होता.

मॅजिस्ट्रेट हसले म्हणे.
मग चौदा दिवस तुरुंग,
आणि वर पाच वर्षं आमच्या सुधारगृहात, माळावर,
जिथे वारा दाराखालून आत येतो आणि जात नाही.

कारकुनाला ताप होता, नोंदवही मीच लिहिली:
उंची चार फूट एक इंच. डोळे करडे.
कपाळावर देवीचे वण. वाचता येत नाही.
बाप, माहीत नाही.
आई काटेचमचे घासते, कारखान्यात.
पुढे 'स्वभाव' असा एक रकाना होता.
तिथे टाक टेकवून मी विचार करत राहिलो
आणि शाईचा ठिपका पडला.
तो तसाच आहे.

मी बूट शिवायला शिकवणारा मास्तर.
बूटचोराला बूट शिवायला बसवायचं
ही मोठ्या साहेबांची कल्पना,
पाहुण्यांना ते हटकून सांगत,
बायका रुमाल काढत.

त्याला अरी दिली. रांपी वर्षभर दिली नाही.
दोऱ्याला मेण घासताना मान आत ओढून बसायचा,
वरून टपली येणारच आहे असा.
पहिला बूट शिवला, डावा.
दुसराही डावा.
"कलबूत बघ, गाढवा!" पोरं खिदळली.
त्याने वर पाहिलं. "मास्तर,
उजवे कुठे ठेवत असतील ते?"

घंटा झाली. ओटच्या पेजेची वेळ.
मी उत्तर दिलं नाही.

आई आठवड्याला नऊ पेनी भरायची, त्याच्या पोटाचे.
पोलीस दारात येऊन मोजून न्यायचा.
दुसऱ्या हिवाळ्यात पैसे थांबले, मग पत्र आलं,
आणि पोराला सांगायचं माझ्यावर आलं.
त्याने हातातला टाका पुरा केला.
गाठ मारली. दोरा दातांनी तोडला.
म्हणाला, "मग आता नऊ पेनी कोण देणार?"

पंधराव्या वर्षी तो सुटला, कॅनडाच्या जहाजावर चढला.
नियमाप्रमाणे नवा जोड द्यायचा होता,
म्हणून मी कागदावर त्याचा पाय ठेवून रेघ ओढली.
उजवा पाय जरा मोठा निघाला.
इतक्या वर्षांत मी तो कधी मापला नव्हता.
जोड चावतो का, विचारलं.
"नाही, मास्तर." चावत असणार.

पेन्शन झाल्यावर एकदा शेफील्डला गेलो.
दुकान आहे. दोरी आहे. डावे वाऱ्यावर हलतात.
आत गेलो.
शेगडीजवळच्या फळीवर उजवे होते,
ओळीने, भिंतीकडे तोंड करून,
ऊब लागून चामडं मऊ पडलेलं.

"माप काय?" दुकानदाराने विचारलं.
तो बापाच्या गादीवर बसलेला मुलगा, हसरा.
माझ्या तोंडून निघालं, साडेदहा.

"मोठ्यांचं," तो म्हणाला, "की लहानांचं?"