काठ

साखर पेठेत दुपारी लाईट गेली
की माग एकेक करून गप्प होतात.
मग ऐकू येतं फ्रेटचं बसणं,
शिसवीच्या खाचेत, तीन ठोक्यांत.
तिसऱ्याचा आवाज जाड झाला की समजायचं, बसली.

गिटार सुवार्ता रणभिसेची. चर्चमध्ये वाजवते.
मे महिन्यात लाकूड आकसलं,
फ्रेटची टोकं बाहेर आली, बोट सोललं.
म्हणाली, कड लावून द्या काका,
चादरीला असते तशी, काळी-पांढरी.

पट्टी चिकटवून रात्रभर सुतळीनं आवळली.
फ्रेटचं डोकं कडेवर टेकतं,
पण पोटाखालचा दात दोन्हीकडून आधी छाटायचा,
नाहीतर नवी कड उकलते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
दोन पट्ट्या वाया गेल्या, तेव्हा कळलं.

नायना चाळीस वर्षं मागावर.
म्हणायचे, गिऱ्हाईक बघतं नक्षी,
हात फिरवतं काठावरून.

शेवटी पट्टी बोटभर कमी पडली.
पुण्याहून मागवायची तर आठ दिवस,
आणि रविवार परवा.
खिडकीत नायनांचा कंगवा होता,
पिवळट, चार दात गेलेला.
त्याच्या पाठीचा तुकडा कापला,
घासला, बसवला.
रंग काही जुळला नाही.

सुवार्तानं अंगठा फिरवला वरून खाली,
सांध्यापाशी नखानं एकदा चाचपलं.
मी लाकडाचा भुसा झाडत राहिलो.
"किती झाले?"
तेवढ्यात लाईट आली, शेजारचे माग सुटले,
आकडा मला दोनदा सांगावा लागला.