अकराची ट्राम गेल्यावर

हानोव्हर. तळघर. टेबल हवेच्या पायांवर तरंगतं,
तरी कोपऱ्यावर अकराची ट्राम वळली
की पडद्यावरच्या रेघेच्या अंगावर काटा येतो.
वहीत, कारणाच्या रकान्यात, मी लिहिते: ट्राम.
मग: वारा.
मग, नेहमीप्रमाणे: बादली.

बादली नुर्तेनची. चार चाकांची, त्यातलं एक कुरकुरणारं.
तेवीस वर्षं ती हा जिना पुसते आहे,
दोन वर्षं मी तिचा आवाज खोडते आहे.

आज ती दारातच थांबली.
असं काय मोजता तुम्ही, म्हणाली,
की मी चाललेलंही चालत नाही?

मी जुळवणीचा लाल किरण लावला, कागद धरला.
आरशाशी फुटून तो दोन वाटांनी परतला :
उजळ पट्टी, काळी पट्टी, उजळ पट्टी.
उजेडात उजेड मिळवला, आणि मध्ये काळोख?
हो. एक वाट जराशी लांबली की सरकतो तो काळोख.
जराशी म्हणजे?
रुमालातून सुटलेली एक बट होती तिच्या कानाशी.
यातला एक केस घे, म्हटलं,
आणि त्याचे ऐंशी हजार पदर कर.

वर दोन यानं जातात एकामागे एक,
मध्ये दोनशे वीस किलोमीटर. अंतर आहे,
पण एकमेकांना अंतर देत नाहीत.
ग्रीनलंड आलं की पुढच्याला ओढ आधी लागते,
ते किंचित पुढे धावतं, मागचं नंतर गाठतं.
जितकी ओढ, तितकं बर्फ.
दर वर्षी ओढ कमी.
या टेबलावर आहे ती पुढच्या जोडीची नजर.

आणि बर्फ गेलं, तिथली जमीन?
वर येते. सावकाश. खडकसुद्धा.

नुर्तेनने कमरेवर हात ठेवला,
आणि पाठ सरळ केली, मणका मणका,
मध्ये एकदा थांबून.
अशी?
अशीच, म्हटलं.
आकडा सांगणार होते, तो राहिला.

मग बूट काढून ती पायरीवर बसली,
आपल्या भाषेत काही पुटपुटली,
आणि बादलीच्या कडेवर हात ठेवला,
झोपलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.
रेघ उतरत गेली, आडवी झाली.
दोन वर्षांत असं निवळ पाणी मी पाहिलं नव्हतं.

अकरा चौदा ते अकरा चोवीस : स्वच्छ.
कारणाचा रकाना चांगल्या नोंदीला कोरा सोडतात.
मी लिहिलं : नुर्तेन.