शेपूट धरून

आधी शेपूट.
लगाम नाही, रिकीब नाही, खोगीर तर नाहीच.
आपसिंगमामानं मला पहिलं वर्ष
घोडीच्या मागंच चालवलं,
तोरणमाळच्या चढावर, शेपटीचे केस मुठीत.
"वेढा देऊ नको. घसरली तर हात घेऊन जाईल.
नुसतं धर. तिचा दम तुझ्यात येऊ दे,
मग बस तिच्यावर."

मी सात वर्षांचा. पुढं लीद पडायची, गरम,
तिच्यावरून उडी मारून परत शेपूट गाठायचं.
वरच्या पाड्यांना मीठ, रॉकेल,
एकदा शिवणयंत्र.
एकदा खाली उतरवलेली अडलेली बाई.
त्या रात्री धुक्यात मामानं लगाम पुरता सोडून दिला,
घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिला
पायथ्यापर्यंत.
काय म्हणत होतास, मी विचारलं.
म्हणाला, शिव्या.

आता सायकी. बहिणीची पोर, बारा वर्षांची,
धडगावच्या आश्रमशाळेतून दिवाळीला आलेली.
तिला सांगतो: तंग आवळताना ही लबाड पोट फुगवते.
थांब. श्वास सोडू दे. मग ओढ अजून एक भोक.
दोन बोटं मावली पाहिजेत, तीन नाही.
मागून जाताना हात तिच्या पुठ्ठ्यावर ठेवून जा,
म्हणजे तिला कळतं की तू आहेस,
तरस नाही.
सायकी ऐकते. विचारते,
"हे परीक्षेला आहे का?"

खोगीर उसवलं होतं. आतलं सगळं बाहेर काढलं:
काळा पडलेला कापूस, गोणपाट,
मामाच्या फेट्याची एक लाल चिंधी.
खोगीरभरती म्हणजे फालतू, असं तिला बाईंनी शिकवलंय.
म्हटलं, बाईंना बसव एकदा याच्याशिवाय.
चिंधी परत आत घातली. नवा कापूस वरून.

शहाद्याचा रज्जाक नालबंद
खिळा दातांत धरून म्हणाला,
"आते कोन बसस घोडावर, भाऊ?"
त्यालाही आता सारंगखेड्याच्या जत्रेपुरतं काम.
तिथं घोडे खाटेवर चढून नाचतात,
माणसं मोबाइल वर धरतात.
आमची हरणी नाचत नाही.
खाट दिसली की हुंगते
आणि सुंभ खाते.

वर रस्ता झालाय. मोटरसायकल जाते.
पावसाळ्यात जात नाही,
पण पावसाळा चारच महिने, हे सायकीचं म्हणणं.
खरं आहे.
मला वारसा-बिरसा म्हणता आलं असतं,
झेंडावंदनाला येणारे साहेब म्हणतात तसं.
मला एवढंच ठाऊक, हे मला येतं
आणि माझ्या गुडघ्याला आता येत नाही.

काल तिला वर बसवली.
अंजनाच्या वळणापुढं उतार, सगळे सुटे दगड.
भीतीनं तिनं लगाम खेचला.
हरणी थांबली, मान वर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला.
सोड, मी ओरडलो. सोडेना.
उतारावर तिला शिकवू नको, वाट तिला ठाऊक आहे,
सोड!
सोडेना.
मग तोंडातून शिव्या निघाल्या,
मामाच्याच, जशाच्या तशा,
कुठल्याही पुस्तकात नसलेल्या, आमच्या पावरीतल्या.
पोर खुदकन हसली
आणि हसता हसता मूठ सैल झाली.
हरणीनं नाक खाली नेलं,
एक खूर ठेवला, चाचपला,
दुसरा ठेवला.

येताना चढ.
गुडघा बोलायला लागला, मी दोनदा थांबलो,
दोन्ही वेळा वाट बघतोय असं दाखवलं.
सायकीनं मागं वळून पाहिलं नाही.
नुसतं म्हणाली,
"मामा, शेपूट धर.
आणि वेढा देऊ नको."

धरलं.
हरणीनं लगेच लीद टाकली.