गाळा नंबर नऊ

वागळे इस्टेटच्या मागच्या रस्त्याला
जिथे पूर्वी बॉलपेनच्या रिफिली भरायचे
तिथे आता आम्ही बसतो, गुरुवार ते रविवार.
पाटीवर ‘उरलंसुरलं’, एवढंच.
रंगवताना पिवळा संपला
म्हणून शेवटचा अनुस्वार निळा.

भाव सोपा आहे. कापड किलोवर,
बटणं वाटीवर (वाटी माझ्या सासूबाईंची, आमटीची),
आणि ज्याचं नाव कुणालाच येत नाही
ते मुठीवर. मूठ मोठी त्याचा फायदा,
म्हणून किसननगरची पोरं
येताना एक कबड्डीवाला मामा घेऊन येतात.

घोडबंदरच्या टॉवरांतून येतात
सोफ्याच्या कापडाची नमुनापुस्तकं,
पान तळहाताएवढं, नाव राजवाड्याचं.
दवाखाना मिटवताना डॉक्टर कर्णिकांनी एक्स-रे दिले.
एक मनगट आम्ही खिडकीला लावलंय,
तीन वाजता त्याच्या हाडांतून ऊन येतं.
न झालेल्या एका लग्नाच्या पत्रिका आल्या,
गठ्ठ्याची सुतळीही न सोडलेली.
इनास त्यांचं वजन करेना.
म्हणाली, फुकट ठेव. पाठ कोरी आहे.

विश्राम तेरवणकर आले ते झेरॉक्सचं दुकान विचारत,
पीएफचे कागद पिशवीत.
समोरच्या गल्लीत, मी म्हटलं.
पण त्यांचा हात तोवर बिननावाच्या खोक्यात.
पितळेची कडी, करंगळीत जाईल एवढी,
आत तीन खाचा.

‘ही माझी.’

ट्यूबलाइटखाली धरली, फिरवली.
‘एकवीस वर्षं. पाळीला तीनशे चाळीस.
आत बर राहिली, नखाला लागली, की रिजेक्ट.’
नख फिरवलं. नाही लागली.
मी विचारलं, बसते कशात ही?
ते बराच वेळ कडीतून माझ्याकडे बघत राहिले.
‘ते वरच्या मजल्यावर माहीत होतं.’

टेबलाशी हर्षाली नाखवा निवटी करत होती,
चेंदणीच्या खाडीतल्या चिखलातली,
अंग एक्स-रेचं, पर सोफ्याचे,
आणि डोक्यावर टपोरा एकच डोळा: तीच कडी.
दुसऱ्यासाठी तिने हात पुढे केला,
न बघताच, डिंकाने माखलेला.

त्यांनी आधी लावलेल्या डोळ्यात नख घातलं.
‘हा रिजेक्ट आहे, बाळा.’
‘निवटीला चालतो,’ ती म्हणाली.

हातातली दिली. मग खिशातून दहा रुपये काढून
माझ्यापुढे ठेवले, मुठीचे.
मी नको म्हणायच्या आत झेरॉक्सला गेले.

गेल्या गुरुवारी येऊन त्यांनी खोका निवडला.
कड्या वेगळ्या काढल्या, त्रेसष्ट,
पत्रिकेच्या पाठीवर ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं:
जी ४१७. पितळ. आतून तपासलेली.

आता त्या मुठीवर देता येत नाहीत.
इनास म्हणते किलोवर, मी म्हणते नगावर,
हर्षाली म्हणते जोडीने.
ठरेपर्यंत डबा काउंटरखाली आहे.